काटा तुमचा, दंड आमचा: सीमाभागातील साखर कारखाने आणि परिवहन कार्यालयांना खुलं पत्र

प्रति,
सीमाभागातील साखर कारखान्यांची व्यवस्थापनं व शेती खाती,
तसेच बेळगाव, चिक्कोडी, गोकाक आणि बैलहोंगल इथली परिवहन कार्यालयं

स. न. वि. वि.

ऊस वाहतुकीची करारपत्रं लवकरच वाटायला सुरुवात होईल. त्या छापील कागदात दरवर्षी एक कलम असतं. गाडीत किती माल भरला, त्यापायी काय दंड झाला, काय अपघात झाला, याची सगळी जबाबदारी गाडीमालकाची, अशा अर्थाचं. आजवर आम्ही खाली सही करत आलो. यंदा सही करण्याआधी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते चारचौघांत बोलायचे आहेत, म्हणून हे पत्र खुलं.

आम्ही म्हणजे एकेका गाडीचे मालक. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, खानापूर, बेळगाव या भागातले. बँकेचा हप्ता आमचा, स्टिअरिंगवर आम्हीच आणि ग्रीस गनही आमच्याच हातात. हंगामात ऊस ओढायचा, हंगाम सरला की उद्यमबागेतलं कास्टिंग किंवा गोव्याची भाजी. ताफेवाल्या ट्रान्सपोर्टरची एक गाडी चार दिवस बसली तर बाकीच्या तिचा भार उचलतात. आमची बसली की चूलच थंड.

आधी वजनाचं बोलू, कारण बाकीची निम्मी दुखणी तिथूनच निघतात.

दहा टायरी गाडीचं एकूण वजन पूर्वी २५ टन चालायचं. जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ते २८.५ टन झालं: पुढच्या ॲक्सलवर साडेसात, मागच्या जोड-ॲक्सलवर २१. उसाची बॉडी बांधलेली रिकामी गाडी साडेनऊ-दहा टनांची असते. म्हणजे कायद्यानं ऊस भरायचा साडेअठरा टन, फार तर एकोणीस. ज्यांच्या आरसीवर अजून २५ च लिहिलंय, त्यांनी पंधरा. प्रत्यक्षात काट्यावर २५ टन उसाची पावती फाटते तेव्हा कुणाची भुवईही वर जात नाही.

२५ टन उसाची गाडी म्हणजे एकूण ३५ टन. त्यातले २७ टन मागच्या आठ टायरांवर येतात. १०.०० आर २० मापाच्या १६ प्लायच्या रेडियल टायरला जोडीत २,७२५ किलोची क्षमता असते. आठांची बेरीज होते २१.८ टन, म्हणजे कायद्याची मर्यादा आणि टायरची ताकद जवळजवळ सारखीच आहे. २७ टन घातले की प्रत्येक टायरवर ३,३७५ किलो, क्षमतेपेक्षा साडेसहाशे किलो जास्त. साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, आणि घासायच्या आधीच केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, मरतं. टायर घासला तर रबर चढवून आणखी एक हंगाम निघतो. केसिंग गेलं की तो भंगारात, आणि नव्याला वीस हजारांच्या घरात मोजा. त्यात जोडीतल्या आतल्या टायरची हवा कमी असेल तर बाहेरचा एकटाच ओझं उचलतो आणि फुटतो तेव्हा शेजाऱ्यालाही घेऊन जातो. हवा बघायची ती पहाटे, टायर थंड असताना. गरम टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडली, की थंड झाल्यावर तो उपाशीच राहतो.

पाट्यांचं, म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी स्प्रिंगांचं, तसंच. मेन पाटा बहुतेक वेळा दोनच जागी तुटतो, टोकाच्या वळलेल्या डोळ्याजवळ नाहीतर मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी. भोकाशी तुटला तर दोष पाट्याचा कमी आणि सैल यू बोल्टचा जास्त. पाटे ॲक्सलला आवळून धरणारा हा यू बोल्ट ढिला झाला की पाटे एकमेकांवर सरकतात, सगळा ताण त्या भोकाच्या कडेवर येतो, मग सेंटर बोल्ट कातरतो आणि ॲक्सल जागा सोडतो. गाडी तिरकी चालायला लागते, ती मागून येणाऱ्याला आधी दिसते, चालवणाऱ्याला नंतर. म्हणून पाटे बदलले की पहिल्या दोन-तीन खेपांनंतर गाडी भरलेली असताना यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. रिकाम्या गाडीवर आवळलेले भरल्यावर ढिले पडतात. हे सगळं आम्ही करतो. पण सहा टन जादा भरलेल्या गाडीला कितीही आवळा, पाटा बसतो तो बसतोच.

आणि ब्रेक. तवंदी घाटात किंवा वंटमुरीच्या उतारावर ३५ टनांची गाडी धरायची म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा लायनर तापून गुळगुळीत होतो, ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, बूस्टरचा दांडा शेवटपर्यंत बाहेर येतो आणि पायाखाली पेडल असूनही ब्रेक नसतो. ड्रम उघडला की निळे डाग आणि केसासारख्या भेगा दिसतात. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. पण इंजिनब्रेकलाही हद्द असते आणि ती २८.५ टनांच्या हिशोबानं ठरलेली असते. गाडीच्या पुढे कोण चाललंय, शाळेची बस की दुचाकीवरचं जोडपं, ते ड्रमला कळत नाही.

रस्त्याचंही एक गणित सांगून ठेवतो, कारण खड्ड्यांची तक्रार आम्हीच सगळ्यात मोठ्यानं करतो. ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. २१ ऐवजी २७ टन म्हणजे एका खेपेत पावणेतीन खेपांची झीज. चिक्कोडी-निपाणीच्या आतल्या रस्त्यांवर मार्चमध्ये जे खड्डे दिसतात त्यातले बरेच आपणच नोव्हेंबरपासून पेरलेले असतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि जादा माल उतरवायचा खर्च. सहा टन जादा पकडले तर ३२,००० रुपये. जादा टनाला समजा ३०० रुपये भाडं मिळालं, तर सहा टनांचे होतात १,८००. एका दंडात अठरा खेपांची जादा कमाई गेली. बॉडीच्या बाहेर माल आला तर वेगळे २०,०००. आणि जादा माल उतरवायचा म्हणजे काय? महामार्गाच्या कडेला मोळ्या टाकायच्या? शेतकऱ्याचा ऊस तो, उन्हात वाळणार कुणाच्या नावावर?

पण याच कलमातले दोन शब्द कुणी वाचत नाही. दंड गाडी चालवणाऱ्याला आहेच, शिवाय जो ती तशी चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही आहे. आता कारखान्याचा विचार करा. आरसीची प्रत तुमच्या फाइलीत, रिकाम्या गाडीचं वजन तुमच्या संगणकात, भरलेल्या गाडीचं वजन तुमच्या काट्यावर, सेकंदासह छापलेलं. राज्यात कुठल्याच रस्त्यावर इतकी चोख नोंद होत नसेल. हंगामभर रोज शेकडो वेळा आपल्यासमोर कायदा मोडल्याची पावती आपणच छापता, तिच्यावर भाडं देता, आणि करारपत्रात लिहिता की जबाबदारी गाडीमालकाची. परिवहन कार्यालयांनाही विचारायचं आहे: रस्त्यात गाडी अडवून हातकाट्यावर वजन घेण्यापेक्षा कारखान्याच्या काट्याची महिन्याची नोंद मागवणं सोपं नाही का?

आमची चूक नाही असं म्हणत नाही. भरतो आम्हीही. दर टनावर असला की जादा टन फुकटचा वाटतो, डिसेंबरचा हप्ता समोर असला की जास्तच. पण फडात वजन ठरवतं कोण, तेही बघा. ऊसतोड टोळीला टनावर मजुरी, तिला आज फड मोकळा करायचा असतो. चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या फडातल्या माणसाला, तोडीच्या चिठ्ठ्या संपवायच्या असतात. फडात काटा नाही. चालक बघतो ते पाटा किती बसला आणि ॲक्सलचं हौसिंग व वरचा रबर स्टॉपर यांमध्ये किती बोटं जागा उरली. तो अंदाजही फसतो. को ८६०३२ जातीचा तोडलेला ऊस दुपारी कोरडा भरला तर एक वजन, पहाटे दवात वाड्याचे तुकडे आणि मातीसकट भरला तर त्याच उंचीला टनभर जास्त. "अजून दोन मोळ्या बसतील की मालक" असं खालून ओरडणाऱ्याला दंडाची पावती कधी मिळाली नाही.

यावर कारखान्यांचं नेहमीचं उत्तर असं की कायद्यानं भरलं तर गाड्या पुरणार नाहीत. इथे मग यार्डाकडे बघावं लागतं.

भरलेली गाडी यार्डात आली की नंबर लागायला कधी बारा तास, कधी दीड दिवस. ५,००० टन रोजच्या गाळपाचा कारखाना तासाला साधारण २०८ टन खातो, म्हणजे साडेअठरा टनांच्या अकरा गाड्या. त्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वजा करा. हा आकडा शेती खात्याला पाठ असतो. तरी सकाळी चिठ्ठ्या सुटतात त्या गव्हाणीकडे, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागेकडे, बघून सुटत नाहीत. गव्हाण उपाशी राहायला नको म्हणून यार्ड कायम भरलेलं ठेवायचं, हा त्यातला हिशोब आहे, आणि त्याचं भाडं आम्ही भरतो. ३६ तास यार्डात उभी असलेली गाडी दोन दिवसांत एकच खेप करते. तीच आठ तासांत मोकळी झाली तर रोज एक. साडेअठरा टनांच्या दोन खेपा म्हणजे ३७ टन, २५ टनांच्या एकीपेक्षा जास्त. गाड्या कमी नाहीत, त्या तुमच्याच आवारात उभ्या आहेत.

उभं राहणं फुकट नसतं. रांग दर वीस मिनिटांनी एक गाडीभर पुढे सरकते. इंजिन चालू ठेवलं तर तासाला दीड-दोन लिटर डिझेल, बंद-चालू केलं तर स्टार्टर आणि बॅटरी जाते, आणि भरल्या गाडीला इंच इंच सरकवताना क्लच प्लेट जळते ती वेगळीच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांचं दुखणं आणखी निराळं. सायलेन्सरमधली डीपीएफ जाळी काजळी धरून ठेवते आणि धूर पुरेसा तापला की ती जाळते. गाडी तासभर सलग पळाली तर हे काम आपोआप होतं. रांगेत रांगणाऱ्या गाडीत काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडी एका जागी उभी करून जाळी साफ करण्याचं बटण दाबावं लागतं. तेव्हा सायलेन्सरमधलं तापमान ५५०-६०० अंशांवर जातं. आणि खाली काय असतं? यार्डभर पसरलेलं वाळकं पाचट. दिवा दुर्लक्षून तसंच रेटलं तर गाडी ताकद काढून घेते, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात ऊसदराच्या आंदोलनाच्या दिवसांत कारखान्याच्या आवारात उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पेटल्या. कारण काहीही असो, पाचट आणि दाटीवाटीनं उभ्या गाड्या असतील तर आग शेजाऱ्याला सोडत नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्याला अशा वेळी स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही, हे आमच्यातल्या अनेकांनी लक्षात ठेवायला हवं. पण यार्डात पाचट झाडून घेणं, दर दहा-बारा गाड्यांमागे मोकळी पट्टी सोडणं, पाण्याचा टँकर उभा ठेवणं, ही कामं आमच्या हातातली नाहीत. डीपीएफ साफ करायला सिमेंटचा एक ओटा, जिथे पाचट नाही, एवढं तरी करता येईल.

डिझेलबद्दल थोडक्यात. कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर जून २०२४ मध्ये १४.३४ वरून १८.४४ टक्के झाला आणि १ एप्रिल २०२५ ला २१.१७ टक्के. महाराष्ट्रातल्या गाड्या कोगनोळी ओलांडून टाकी भरायला यायच्या, ते दिवस त्याबरोबरच सरले. वाहतुकीचा दर मात्र हंगामाआधी एकदा ठरतो आणि मार्चपर्यंत हलत नाही.

कागदांच्या तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. फड कागल तालुक्यात आणि गव्हाण निपाणी तालुक्यात असेल तर ती दोन राज्यांतली खेप होते, तिला नॅशनल परमिट लागतं, वर्षाला १६,५०० रुपये. चिठ्ठी देताना हे कुणी विचारत नाही, गाडी अडली की सगळे विचारतात. दुसरं, ज्याच्या नावावर वर्षभरात दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत, त्यानं तसं पॅनसह लिहून दिलं तर बिलातून टीडीएस कापायचा नसतो. तरी कापला जातो आणि परताव्यासाठी आम्ही वर्षभर सीएच्या दारात. तिसरं, यार्डाचे नियम, बंद रस्त्यांच्या सूचना आणि करारपत्र मराठीतही द्या. यात भाषेचं भांडण आणायचं नाही. टोळ्या बीडकडून येतात, चालक इथले मराठी बोलणारे, आणि ज्या कागदावर सही करायची तो वाचता यावा एवढंच मागणं आहे.

रात्रीचं राहिलंच. मागे निघालेल्या उसाच्या शेंड्यांखाली टेललाइट झाकते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावलेली असते, पण बॉडीवर, आणि बॉडीच दिसत नसेल तर ती काय चमकणार? ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीला तर बऱ्याचदा दिवाच नसतो. फडातून निघताना मागच्या मोळ्या छाटणं आणि शेवटच्या मोळीला चमकणारं कापड बांधणं, ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. फाटकावर एक माणूस हे बघायला उभा राहिला तर पुरे.

आमच्या मागण्या अशा:

१. करारपत्रातलं ते कलम बदला. आरसीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त वजनाची गाडी काट्यावर आली तर शेतकऱ्याचा ऊस पूर्ण मोजून घ्या, त्याचा पै न पै द्या, पण जादा टनांचं वाहतूक भाडं कुणालाही देऊ नका. पहिले पंधरा दिवस फक्त समज द्या. त्यानंतर जादा भरणाऱ्या टोळीची आणि चिठ्ठी देणाऱ्याचीही नोंद त्याच पावतीवर व्हावी.

२. त्याबरोबर दर वाढवा, नाहीतर पहिली मागणी म्हणजे आमच्याच पोटावर पाय. २५ ऐवजी साडेअठरा टनांत तीच खेप भागवायची तर टनाचा दर ३५ टक्क्यांनी वाढावा लागतो. टायर, पाटे, लायनर वाचतील, यार्डातला वेळ कमी झाला तर खेपा वाढतील, म्हणून आम्ही तेवढा मागत नाही. २० टक्के मागतो. डिझेल लिटरला दोन रुपयांनी हललं की दर त्या प्रमाणात वर किंवा खाली व्हावा.

३. चिठ्ठी वेळेसकट द्या. गाडी फाटकात आल्याची वेळ छापा. आठ तासांनंतर दर तासाला उभं राहण्याचं भाडं मिळावं. हे भाडं सुरू झालं की रांगा आपोआप आखडतील, असा आमचा अंदाज आहे.

४. परिवहन कार्यालयांनी हंगामात दर महिन्याला काट्यांच्या नोंदी तपासाव्यात आणि दंड करायचाच तर १९४ व्या कलमातल्या त्या दुसऱ्या माणसालाही करावा. काट्यावर वजनमाप खात्याचं वर्षाचं पडताळणी प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असावं.

५. यार्डात पाचट रोज उचलावं, पाणी, दिवे आणि चालकांसाठी संडास असावेत. हे मागायला लाज वाटते, पण नाही म्हणून मागतो.

करारपत्राचा नवा नमुना बॉयलर अग्निप्रदीपनाच्या किमान पंधरा दिवस आधी हातात मिळावा. मांडवाबाहेर टेबल टाकून सह्या घेतल्या जातात तेव्हा वाचायला वेळ नसतो, आणि मागे रांग उभी असते.

आपले,
बेळगाव सीमाभागातील एकेका गाडीचे मालक-चालक